सर्व्हर अर्धा रिकामा, तरी पोरं बाहेर

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. कमांड्स बोलताना जशा म्हटल्या तशाच ठेवल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. लातूरच्या एका क्लासची ऑनलाइन स्कॉलरशिप टेस्ट होती, सकाळी दहाला. या टेस्टवर फीमधली सूट ठरते, म्हणजे घरच्यांसाठी हजारो रुपयांचा प्रश्न. ॲप मी लिहिलेलं, सर्व्हर मीच लावलेला. मी नांदेडला घरी, चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर. दहा वाजून चार मिनिटांनी ऑफिसमधून फोन आला, "सर, पोरांचं पेज उघडंना झालंय. नुसतं गोल फिरायलंय."

सर्व्हर बघितला. सीपीयू वीस टक्क्यांच्या आत, रॅम अर्धी रिकामी, डिस्क निवांत. आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: टू मेनी ओपन फाइल्स. आता फाइल्स कोणी उघडल्या? टेस्टमध्ये तर एकही फाइल नव्हती.

हे समजायला गुरुद्वाऱ्यात चला. हजूर साहिबला दर्शनाला गेलात की आधी जोडाघर लागतं. चपला द्यायच्या, नंबरचं टोकन घ्यायचं, मग आत. समजा जोडाघरात टोकनं १०२४च आहेत. आत कितीही जागा मोकळी असू द्या, १०२५वा माणूस चपला हातात धरून बाहेरच उभा राहणार. लिनक्सचं तसंच आहे. प्रोग्रामनं काहीही उघडलं, मग ती फाइल असो, डेटाबेसचं कनेक्शन असो की तुमच्या मोबाइलवरून आलेलं कनेक्शन, कर्नल त्याला एक नंबर देतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. लिनक्सच्या लेखी हे सगळं 'फाइल'च. आणि बहुतेक सर्व्हरवर एका प्रोसेसला असे नंबर मिळतात १०२४. माझ्या टेस्टमध्ये घड्याळ चालू ठेवायला प्रत्येक पोराचं एक कनेक्शन शेवटपर्यंत उघडं राहायचं, आणि पोरं होती पंधराशेच्या वर. हिशोब तुम्हीच करा.

१०२४च का, तर सिलेक्ट नावाच्या जुन्या सिस्टिम कॉलला त्यापुढचे नंबर हाताळता येत नाहीत. म्हणून २०१८ च्या अखेरीस सिस्टिमडीच्या २४० व्या आवृत्तीनं हार्ड लिमिट ५,२४,२८८ पर्यंत नेली, पण सॉफ्ट लिमिट मुद्दाम १०२४च ठेवली. हार्ड म्हणजे कमाल किती मागता येतील, सॉफ्ट म्हणजे आत्ता हातात किती आहेत. मागितलं तर मिळतं. मी मागितलंच नव्हतं.

आता माझा दुसरा गाढवपणा. गुगलवर पहिलं उत्तर सापडलं: लिमिट्स डॉट कॉन्फ फाइलमध्ये ६५५३५ लिहा. लिहिलं. सर्व्हिस रीस्टार्ट केली. आत बसलेली हजारेक पोरंही बाहेर पडली. पुन्हा लॉगिन केलं, युलिमिट डॅश एन मारलं, ६५५३५ दिसलं. खुश! दोन मिनिटांत पुन्हा तीच ओळ.

कारण ती फाइल लॉगिन करणाऱ्या माणसासाठी असते. सिस्टिमडीनं चालू केलेली सर्व्हिस त्या दारातून येतच नाही. मी माझ्या टर्मिनलची लिमिट बघत होतो, ॲपची नाही. ॲपची बघायची तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली लिमिट्स नावाची फाइल असते. ती उघडली तर तिथं तेच, १०२४. मग सिस्टिमसीटीएल एडिट करून सर्व्हिसमध्ये लिमिटनोफाइल इक्वल्स ६५५३५ टाकलं, पुन्हा रीस्टार्ट, पोरं पुन्हा बाहेर. अकरा वाजून गेले.

दुपारी एका वडिलांनी फोन केला. नंबर क्लासनंच दिला होता. रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. "सर, पोरगी शेजारच्याचा मोबाइल मागून बसली होती. त्यानं अकराला परत नेला. आता काय करावं?" क्लासनं पुढच्या रविवारी टेस्ट परत घेतली. तिला त्या दिवशी मोबाइल मिळाला की नाही, मला माहीत नाही.

हे फक्त आमच्यासारख्या एकट्या गड्याचंच होतं असं नाही. २५ नोव्हेंबर २०२० ला ॲमेझॉनची कायनेसिस सेवा नॉर्थ व्हर्जिनियात बसली. त्यांचा प्रत्येक फ्रंट-एंड सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडायचा. क्षमता वाढवायला नवीन सर्व्हर जोडले, आणि सगळ्याच सर्व्हर्सनी ऑपरेटिंग सिस्टिमची थ्रेड लिमिट ओलांडली. मदतीला आणलेल्या माणसांनीच दार अडवलं म्हणा ना. पूर्ववत व्हायला जवळजवळ अख्खा दिवस गेला.

मग इन्स्टॉलच्या आधीच का? कारण प्रोसेसला लिमिट जन्माच्या वेळी मिळते. आणि उबुंटू-डेबियनवर ॲप्ट इन्स्टॉल केलं की बरीच पॅकेजेस स्वतःच सर्व्हिस चालू करून मोकळी होतात. तुम्ही नंतर सेटिंग बदललं तरी ती जुन्या १०२४ वरच धावत राहते. चालू प्रोसेसची लिमिट बदलायला पीआरलिमिट नावाची कमांड आहे, पण ती त्या रविवारी मला ठाऊक नव्हती आणि दहा वाजता डोकंही चालत नव्हतं.

इलॅस्टिकसर्च या बाबतीत मला आवडतं. ५.० पासून ते प्रॉडक्शनमध्ये चालू होतानाच लिमिट्स तपासतं आणि कमी असल्या तर सरळ उठायलाच नकार देतं. त्याला मॅक्स मॅप काउंट किमान २,६२,१४४ लागतो, लिनक्सचा बऱ्याच काळचा डिफॉल्ट ६५,५३०. पहिल्यांदा लई चीड आली होती. आता वाटतं, माझ्या ॲपनंही शनिवारी रात्रीच असा नकार दिला असता तर!

आता नवीन सर्व्हर मिळाला की मी आधी सर्व्हिसच्या नावाचा डॉट सर्व्हिस डॉट डी फोल्डर बनवून त्यात लिमिटची फाइल ठेवतो. पॅकेज आलेलं नसलं तरी चालतं. आकडा इन्फिनिटी टाकत नाही, कारण एखाद्या बगमुळे प्रोग्राम टोकनं परतच करीना झाला तर ही लिमिटच बाकीच्या सर्व्हरला वाचवते. मग इन्स्टॉल, मग प्रॉकमधली फाइल बघणं. आणि ॲप चालू होताना स्वतःची लिमिट वाचतं, कमी दिसली की तिथंच बंद पडतं. तेवढ्यासाठी पायथॉनच्या पाच ओळी लागल्या.