टेबलाखालचा सांधेवाला

मडगाव स्थानकात फलाटाच्या टोकाशी उभे राहिले, की एका मार्गातून दुसरा मार्ग फुटताना दिसतो. रूळ जेथे फुटतात त्या जागेला रेल्वेच्या भाषेत सांधा म्हणतात. पूर्वी सांधेवाला दांडा ओढून तो फिरवीत असे. आज ते काम बहुतेक ठिकाणी रुळालगतच्या पेटीतील मोटार करते. हेच काम छोट्या प्रतिकृतीत करायचे झाले, तर मोटार टेबलाखाली दडवावी लागते.

हैदराबादचे जुळे शहर असलेल्या सिकंदराबादेत भारतीय रेल्वेची सिग्नल अभियांत्रिकी व दूरसंचार संस्था, म्हणजेच ‘इरिसेट’, १९५७ पासून कार्यरत आहे. सिग्नल विभागातील अभियंते येथे शिकतात आणि गाड्या चालवण्याचे नियम येथे प्रतिकृतीवरही समजावून दिले जातात. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय अनेक मराठी कुटुंबांनी पाहिले असेल. प्रतिकृती प्रशिक्षणाची असो वा हौसेची, सांध्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो.

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रतिकृती मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या असतात आणि त्यांच्या रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर असते. एवढ्याशा रुळाशेजारी मोटार ठेवली, तर ती डब्यापेक्षा बोजड दिसेल. म्हणून ती फळीच्या खालच्या बाजूस बसवतात. सांध्याच्या दोन निमुळत्या पट्ट्यांना जोडणारी एक आडवी पट्टी असते. तिच्या बरोबर खाली फळीला भोक पाडून मोटारीची लवचिक पोलादी तार त्यातून वर आणतात आणि आडव्या पट्टीच्या छिद्रात अडकवतात. मोटार फिरली की तार डोलते आणि सांधा बदलतो. भोक रूळ अंथरण्यापूर्वीच पाडावे आणि टेबलाची आडवी तुळई नेमकी त्याच जागी येणार नाही, हे आराखड्यातच पाहावे. फळी जाड असेल, तर तारही जाड घ्यावी. बारीक तार नुसतीच वाकते आणि सांधा अर्धवट राहतो.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्यात तारेची दोन वेटोळी असतात. क्षणभर वीज देताच सांधा खटकन बदलतो. येथे उघडमीट होणारे दाबबटणच हवे, कारण प्रवाह चालू राहिल्यास वेटोळे जळते. दुसऱ्या प्रकारात संथ मोटार असते. ती १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालते, टोकाला पोहोचून थांबल्यावरही अल्प प्रवाह घेत राहते आणि पट्ट्यांवर दाब कायम ठेवते. विजेची दिशा उलटवणारी कळ फिरवली, की ती उलट फिरते.

खरी मेख पुढे आहे. नियंत्रण फलकावर सांध्याची स्थिती सांगणारे दिवे असतात. हे दिवे थेट कळीला जोडणे सोपे. पण मग ते फक्त दिलेली आज्ञा सांगतात, ती पाळली गेली की नाही हे नाही. मोटारीतील संपर्कांना जोडले, तर मोटार फिरल्याचे कळते. तरीही वरची तार छिद्रातून निसटली असेल, तर दिवा खोटे बोलतो. खात्रीची जोडणी एकच: पट्टी प्रत्यक्ष सरकली तरच दाबला जाईल असा छोटा स्विच खुद्द सांध्यापाशी बसवणे.

खऱ्या रेल्वेत या पडताळणीसाठी स्वतंत्र परिपथ असतो. पट्टी आणि मुख्य रूळ यांच्यात ५ मिलिमीटर जाडीचा अडथळा ठेवून चाचणी घेतात. तेवढी फट असताना सांधा कुलूपबंद होता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये. या साखळीतील एक खोटी साक्ष किती महागात पडते, हे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात दिसले. सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता, सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता. कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि त्या अपघातात २९० हून अधिक जीव गेले. सिग्नल परिपथाच्या जोडणीत केलेल्या बदलांतील त्रुटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आल्या.

टेबलावरची गाडी घसरली तर ती हाताने उचलून पुन्हा रुळावर ठेवता येते. म्हणूनच जोडणीतली चूक शोधण्याची सवय लावून घ्यायला ही जागा उत्तम. मोटार बसवून झाली, की तार मुद्दाम निसटवून कळ फिरवून पाहावी. फलकावरचा दिवा तरीही ‘सांधा बदलला’ असेच सांगत असेल, तर टेबलाखालचे काम अजून संपलेले नाही.