एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू आणि प्रेक्षकांचा शोक

जयपूरच्या टोंक रोडला लागून असलेला गोपालपुरा बायपास शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहे. गावोगावांहून आलेली मुले-मुली येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत उमेदीची वर्षे खर्ची घालतात. त्यांच्यापैकी जो विद्यार्थी २०२५ साली वीस वर्षांचा होता, त्याच्या जन्मापूर्वीच ‘सी.आय.डी.’ या मालिकेने सात वर्षे पूर्ण केली होती. एसीपी प्रद्युम्न ही व्यक्तिरेखा अशा मुलांनी कळू लागल्यापासून पाहिली. जणू घरातील एखादे कडक शिस्तीचे, पण मनाने हळवे वडीलधारे माणूसच!

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सोनी वाहिनीने या व्यक्तिरेखेच्या मृत्यूची घोषणा केली. कथेत बार्बोझा नावाच्या गुन्हेगाराने घडविलेल्या स्फोटात एसीपींचा अंत झाला. श्रद्धांजलीच्या धर्तीवर १९९८ ते २०२५ असा कालखंड लिहिलेले छायाचित्र प्रसृत झाले आणि देशभरातील प्रेक्षक हळहळले. अनेकांनी राग व्यक्त केला, तर अनेकांना आपले बालपणच संपल्यासारखे वाटले. वस्तुतः ही भूमिका करणारे शिवाजी साटम सुखरूप होते. त्याच महिन्यात त्यांनी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. मग हा शोक नेमका कोणासाठी होता?

बँक कर्मचाऱ्यांना साटम यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. ते मूळचे सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे कर्मचारी. आंतरबँक नाट्यस्पर्धेतील त्यांचे काम ज्येष्ठ अभिनेते बाळ धुरी यांनी हेरले आणि ‘संगीत वरद’ या नाटकात त्यांना पहिली संधी दिली. पुढे मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेतून त्यांचा पोलीस अधिकारी घरोघरी पोहोचला. बी. पी. सिंग यांनी निर्माण केलेली ‘सी.आय.डी.’ २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. मुंबईच्या पार्श्वभूमीवरील या हिंदी मालिकेने साटम यांचा मराठी वळणाचा आवाज पार राजस्थानातील खेड्यांपर्यंत नेला.

या मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक कथेत कोणाचा तरी खून होत असे. त्या शेकडो मृतांसाठी प्रेक्षकाने कधी डोळे पुसले नाहीत. त्यांचा मृत्यू हे केवळ कोडे होते. ते सोडविणारा मात्र अढळ होता. जगात कितीही अनर्थ घडो, त्याचा छडा लावणारे कोणीतरी शाबूत आहे, हा दिलासा गुन्हेकथा देत असते. तपास करणाराच मारला गेला, की त्या दिलाशालाच तडा जातो. प्रेक्षकाच्या अस्वस्थतेचे मूळ येथे असावे.

असे प्रथमच घडले, असेही नाही. डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातील कथेत आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मृत्यूच्या दारी धाडले, तेव्हा वीस हजार वाचकांनी वर्गणी बंद केल्याचे सांगितले जाते. अखेर १९०३ साली लेखकाला होम्स जिवंत असल्याचे दाखवावे लागले. पडद्यावरील व्यक्तीशी जडणाऱ्या अशा एकतर्फी जिव्हाळ्याकडे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लक्ष वेधले होते. आपण त्या व्यक्तीला ओळखतो, ती आपल्याला ओळखत नाही. तरीही नाते खरेच वाटते.

‘सी.आय.डी.’च्या बाबतीतही इतिहासाची पुनरावृत्ती झाली. एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान यांनी सूत्रे हाती घेतली. परंतु काही आठवड्यांतच प्रद्युम्न परतले. प्रेक्षकांची माया ही जणू दीर्घ मुदतीची ठेव! ती वर्षानुवर्षे साठते. मात्र ती गृहीत धरली गेली, तर ठेवीदार जाब विचारल्यावाचून राहत नाही.

या आनंदाला एक हळवी किनारही आहे. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स होऊन आबालवृद्धांना हसविणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ रोजी निवर्तले. वर्षभराने मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांची जागा रिकामीच होती. प्रेक्षकांनी कितीही आग्रह धरला असता, तरी फ्रेडरिक्स परतणार नव्हते. लेखकाच्या लेखणीने झालेला मृत्यू पुसता येतो. नियतीने लिहिलेला नाही.

म्हणूनच काल्पनिक पात्रासाठी अश्रू ढाळणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. गोपालपुऱ्यातील खोलीत मोबाईलच्या छोट्या पडद्यावर एसीपींचा अंत पाहणाऱ्या एखाद्या मुलाला कदाचित गावाकडची बैठकीची खोली आठवली असेल, जेथे आजोबांच्या शेजारी बसून त्याने ही मालिका पहिल्यांदा पाहिली. आजोबा आता असतील किंवा नसतीलही. असतील, तर त्या रात्री त्याने घरी फोन केला असेल. एसीपींच्या मृत्यूने एवढे साधले असेल, तरी पुष्कळ झाले.