आठवड्याची गोळी, रोजची गोळी

संधिवाताच्या रुमॅटॉइड प्रकारात दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पण बीपी-शुगरच्या गोळ्या वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्या आजी हीसुद्धा रोज घेऊ लागतात. मग तोंड येते, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतू शकते. सोबत बहुधा फॉलिक ॲसिड असते; तीही छोटी, पुष्कळदा पिवळीच गोळी. चिठ्ठीवर १-०-१ सारख्या खुणा आणि इंग्रजी अक्षरे. इथे शिकलेला माणूसही चुकतो, त्यामुळे दोष आजींच्या वयाला देणे मला अन्यायाचे वाटते.

‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपले ज्येष्ठ हमखास मान डोलावतात. डॉक्टरांना पुन्हा विचारणे त्यांना आगाऊपणाचे वाटते. त्याऐवजी ‘आजी, घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्याल, मला सांगा बरं,’ असे विचारले की गैरसमज तिथेच कळतो. हे काम नर्स किंवा केमिस्टही करू शकतात. वार ठरवून पाकिटावर मराठीत ठळक लिहावे: ‘फक्त रविवारी’. फॉलिक ॲसिडचा वार डॉक्टरांना विचारून वेगळा लिहावा. चुकून जास्त गोळ्या गेल्याच, तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.