सेवेची नोकरी आणि मुलाखत

आपल्या नंदुरबारकडचा मुलगा मुंबईच्या वाय. एम. सी. ए. मध्ये मुलाखतीस निघाला, तर त्याने प्रथम त्या संस्थेचे मूळ जाणून घ्यावे. दिवसाचे बारा-चौदा तास राबणाऱ्या दुकाननोकरांसाठी जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातील नोकरानेच ती १८४४ साली लंडनमध्ये काढली. मुंबईत ती १८७५ मध्ये आली. धर्म विचारला, तर आहे तो सांगावा. बायबल पाठ असल्याचा आव आणू नये. व्हॉलीबॉल १८९५ साली याच संस्थेत जन्मला. तेव्हा गावात पोरांचा संघ चालवला असेल तर सांगावे, आणि पोरे भांडली तेव्हा काय केले तेही. मात्र ‘सेवा’ या शब्दाने भारावून पगार, कामाचे तास व नेमणुकीचे पत्र यांविषयी विचारायचे राहू नये. संकोच वाटतो? मग प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत.