वीज जाताच उघडणारे कुलूप

कुलूप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कडी, कोयंडा आणि किल्ली उभी राहते. परंतु बँकांची आतली दालने, संगणक कक्ष, प्रयोगशाळा, रुग्णालयांतील काही विभाग अशा ठिकाणच्या अनेक दारांना यातले काहीच नसते. चौकटीच्या वरच्या बाजूस वीतभर लांबीचा धातूचा एक ठोकळा आणि त्याच्यासमोर दारावर बसवलेली एक पोलादी पट्टी, एवढेच दिसते. कार्ड दाखवले की 'टक्' असा हलका आवाज होतो आणि दार ढकलता येते. हे चुंबकीय कुलूप होय. विद्युतप्रवाह चालू आहे तोपर्यंत दार बंद, प्रवाह थांबला की दार मोकळे.

चोराला अडवण्यासाठी बसवलेले कुलूप वीज जाताच आपणहून उघडावे, हा त्याचा मोठा दोष वाटतो. वास्तविक हाच त्याचा मुख्य गुण आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी या कुलपाचे विज्ञान पाहू.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावयास हवा. कार्डावरील चुंबकीय पट्टी किंवा चिप दार धरून ठेवत नाही. कार्ड फक्त 'मी कोण' हे सांगते. दार धरून ठेवण्याचे काम चौकटीवरील विद्युतचुंबकाचे असते.

रचना

ठोकळ्याच्या आत सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा असतो. त्याचा छेद आडव्या पाडलेल्या 'ळ' किंवा 'ध' सारखा गुंतागुंतीचा नसून साध्या त्रिशुळासारखा असतो: मध्ये एक भुजा, दोन्ही बाजूंस एकेक भुजा, आणि मागे त्यांना जोडणारा भाग. मधल्या भुजेभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. प्रवाह सुरू झाला की मधली भुजा एक ध्रुव बनते व बाजूच्या दोन भुजा विरुद्ध ध्रुव बनतात. दारावरची पोलादी पट्टी या तिन्ही टोकांवर टेकली की चुंबकीय बलरेषांना मधल्या भुजेतून पट्टीत, पट्टीतून बाजूच्या भुजांत आणि तेथून परत, असा संपूर्ण लोखंडी मार्ग मिळतो.

प्रवाह दिष्ट असावा लागतो. घरातील ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरला, तर दर सेकंदाला १०० वेळा प्रवाह शून्य होईल, त्या त्या क्षणी पकड सैल पडेल आणि कुलूप गुणगुणू लागेल.

पकड किती?

बाजारात या कुलपांचे दोन नेहमीचे प्रकार आहेत: २७२ किलोग्रॅम आणि ५४४ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ सोसणारे. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात ६०० व १२०० पौंड आहेत.

चुंबक व पट्टी एकमेकांना टेकलेली असताना आकर्षणाचे बल दोन गोष्टींवर अवलंबून असते: टेकलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि चुंबकीय प्रवाहघनतेचा वर्ग. प्रवाहघनता १ टेसला असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलोग्रॅम वजनाइतके बल मिळते. या हिशेबाने २७२ किलोग्रॅमसाठी ६८ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग पुरे. तळहाताहून लहान अशा या जागेवर चार-पाच माणसांचे वजन टांगता येईल! प्रवाहघनता निम्मी झाली, तर मात्र बल निम्मे न होता पाव होते. हा वर्गाचा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

विद्युतचुंबकाची ही ताकद नवी नाही. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये लंडनमध्ये दाखवलेल्या पहिल्या विद्युतचुंबकाने सुमारे ४ किलोग्रॅम वजन उचलले होते. अवघ्या सहा वर्षांनी, १८३१ मध्ये, अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी येल महाविद्यालयासाठी केलेल्या चुंबकाने ९०० किलोग्रॅमपेक्षा अधिक वजन पेलले.

सहा वॅटमध्ये पावणेतीनशे किलो?

असे कुलूप १२ व्होल्ट दाबावर साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे शक्ती फक्त ६ वॅट. एखाद्या लहान दिव्याएवढ्या विजेवर एवढी ओढ कशी सोसली जाते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच.

उत्तर कार्याच्या व्याख्येत आहे. बलाच्या दिशेने विस्थापन झाले तरच कार्य होते. बंद दार हलत नाही, म्हणून ते धरून ठेवण्यात कार्य शून्य. मग ते ६ वॅट कोठे जातात? तारेच्या रोधात उष्णता होऊन. कुलपाला हात लावला तर ते कोमट लागते, ते यामुळेच. कायम चुंबक तर एक वॅटही न घेता वर्षानुवर्षे कपाटाचे दार धरून ठेवतो. परंतु त्याला 'सोड' असे सांगता येत नाही. ती सोय विकत घेण्यासाठी आपण हे ६ वॅट मोजतो.

कागदाएवढी फट

या कुलपाचा खरा शत्रू म्हणजे फट. लोखंडातून बलरेषा हवेपेक्षा हजारो पट सहज जातात. लोखंडाची पार्यता हवेच्या २००० पट धरली, तर ०.१ मिलिमीटर हवेची फट २० सेंटिमीटर लांब लोखंडाइतका अडथळा करते. बलरेषांना फट दोनदा ओलांडावी लागते, एकदा जाताना व एकदा येताना. म्हणजे अडथळा ४० सेंटिमीटरचा झाला. लोखंडी मार्ग मुळात १० सेंटिमीटरचा असेल, तर एकूण अडथळा पाचपट होतो, प्रवाहघनता एक-पंचमांश होते आणि बल, वर्गाच्या नियमाने, एक-पंचविसांश! प्रत्यक्षात पृष्ठभाग अगदी गुळगुळीत नसल्याने थोडी फट आधीच असते, आणि गाभा संपृक्ततेजवळ असू शकतो. त्यामुळे घट इतकी तीव्र नसते. तरीही एका कागदाच्या जाडीने पकड लक्षणीय ढिली होते, हे खरे.

म्हणूनच दारावरची पट्टी मुद्दाम किंचित सैल बसवतात. तिच्यामागे रबराचा वायसर असतो. दार थोडे तिरपे मिटले तरी पट्टी डुलून चुंबकाच्या तोंडावर सपाट बसते. एखाद्या मिस्त्रीने 'पट्टी हलते आहे' म्हणून बोल्ट करकचून आवळला, तर कुलूप बिघडले नसूनही दार सहज ओढले जाते. पट्टीवर रंग देणे किंवा गंज चढू देणे हेही तितकेच वाईट.

वर्गात करून पाहावे

नळ भिंतीला जखडण्यासाठी मिळतो तसा इंग्रजी 'यू' आकाराचा लोखंडी बोल्ट घ्यावा. त्याची दोन्ही टोके कानशीने एका पातळीत सपाट करावीत. वाकाच्या भागावर २८ गेजच्या इनॅमल चढवलेल्या तारेचे २०० वेढे एकाच दिशेने द्यावेत. दीड व्होल्टचा एक मोठा सेल जोडावा. टोकांना लोखंडी पट्टी चिकटवून ती ताणकाट्याने ओढावी व किती बलाला सुटते ते नोंदवावे. मग मध्ये एक, दोन, चार कागद ठेवून तेच करावे. शंभर कागदांच्या गठ्ठ्याची जाडी मोजली की एका कागदाची जाडी कळते. फट व बल यांचा आलेख काढावा. सेल फार वेळ जोडून ठेवू नये, तो लवकर उतरतो.

आणखी एक निरीक्षण करावे. कागद नसताना प्रवाह तोडला, तर पट्टी बहुधा लगेच पडत नाही. कागद असताना ती तत्काळ पडते. लोखंडात मागे राहणारे हे अवशिष्ट चुंबकत्व दाराच्या कुलपालाही छळते. म्हणून गाभ्यासाठी चुंबकत्व पटकन सोडणारे पोलाद निवडतात, आणि पुष्कळ कुलपांच्या पट्टीत स्प्रिंगवर बसवलेली छोटी पिन असते. प्रवाह थांबताच ती पट्टीला चुंबकापासून दूर ढकलते.

उघडण्यासाठी केलेले कुलूप

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मृत्यू पावले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बंद दार माल राखते, पण तेच दार माणसे कोंडते, हे त्या दिवशी जगाला दिसले.

आजच्या पद्धतीचे चुंबकीय कुलूप १९६९ मध्ये कॅनडातील माँट्रियल फोरम या क्रीडागृहासाठी तयार झाले, तेही याच चिंतेतून. दारे कुलूपबंद राहिली तर आगीच्या वेळी प्रेक्षकांचे काय, हा तेथील अग्निशमन अधिकाऱ्यांचा प्रश्न होता. चुंबकीय कुलपात अडकणारा खटका नाही, हरवणारी किल्ली नाही. एक तार तोडली की पुरे. रेल्वेच्या ब्रेकमध्ये हेच तत्त्व दिसते. नळीतील हवेचा दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. यंत्र बिघडलेच, तर ते माणसाच्या बाजूने बिघडावे. गाडीसाठी याचा अर्थ थांबणे, दारासाठी उघडणे. बँकेच्या तिजोरीच्या खोलीला अर्थातच असे कुलूप चालणार नाही, तेथे वीज गेल्यावरही बंदच राहणारा खटका हवा.

आपल्याकडे वीज वारंवार जाते. दर वेळी दार उघडू नये म्हणून कुलपाला बॅटरी जोडतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धा अँपिअर प्रवाह कागदावर तरी १४ तास देईल. येथेच सावध राहावयास हवे. आगीत मुख्य वीज बंद केली, तरी बॅटरी दार धरूनच ठेवील! म्हणून आगीच्या घंटेचा आणि आतल्या बाजूच्या आपत्कालीन बटणाचा खटका बॅटरी आणि कुलूप यांच्या मध्ये असला पाहिजे. तो फक्त बॅटरीच्या अलीकडे, मुख्य विजेच्या तारेवर असेल, तर या कुलपाचा सारा गुण वाया गेला.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षाला किंवा गावातील सभागृहाला असे कुलूप असेल, तर आमची शिक्षकांना एक विनंती आहे. व्यवस्थापनाच्या परवानगीने, मुख्य वीज चालू असताना एकदा व बंद असताना एकदा, आपत्कालीन बटण दाबून आणि आगीची घंटा वाजवून पाहावी. चारही वेळा दार विनासायास उघडले पाहिजे. न उघडल्यास खटका कोठे बसवला आहे ते विद्यार्थ्यांना मंडलाच्या आकृतीवर शोधावयास सांगावे, आणि दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्यावी.