खिशातील यंत्र बुद्धिबळ कसे खेळते?

बुद्धिबळाचा पट, त्याची चौसष्ट घरे आणि दोन्ही पक्षांचे मिळून बत्तीस मोहरे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. भारतात ‘चतुरंग’ या नावाने जन्मास आलेला हा खेळ इराण व अरब देश यांच्या मार्गाने युरोपात पोहोचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खेळास एक निराळाच प्रतिस्पर्धी लाभला. तो म्हणजे संगणक. पुढे हा प्रतिस्पर्धी इतका लहान झाला की तो खिशात मावू लागला. अशा यंत्राकडून हार पत्करावी लागली म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते, ‘यंत्रास माझ्याहून अधिक बुद्धी आहे.’ ही समजूत कितपत खरी आहे, ते आपण पाहू.

जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ नावाचे, हातात धरून खेळावयाचे यंत्र विक्रीस आणले. ते चार पेन्सिल सेलांवर चालत असे. निरनिराळ्या खेळांची निरनिराळी कार्ट्रिजे त्याच्या खाचेत बसवावयाची. ‘चेसमास्टर’ हा बुद्धिबळाचा खेळही त्यांत होता. यंत्राच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके असत. उभ्या दिशेने आठ घरे बसवावयाची, म्हणजे एका घराच्या वाट्यास फार तर १८ ठिपके येतात. छटाही चारच. पांढरे घर, काळे घर, पांढरा मोहरा आणि काळा मोहरा एवढ्यातच त्या संपतात.

पट दाखविणे जितके अवघड, तितके तो स्मृतीत ठेवणे अवघड नाही. एखादे घर एक तर रिकामे असते किंवा त्यात सहा प्रकारांपैकी एखादा पांढरा वा काळा मोहरा असतो. अशा एकंदर तेरा अवस्था होतात. त्या नोंदण्यास प्रत्येक घरामागे अर्धा बाइट पुरतो. म्हणजे संपूर्ण पटास ३२ बाइट. गेम बॉयची कार्यस्मृती ८,१९२ बाइटांची होती. तेव्हा खरी अडचण जागेची नसून वेळेची आहे.

यंत्र खेळी कशी निवडते? अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा मार्ग दाखविला. प्याद्यास १, घोडा व उंट यांस प्रत्येकी ३, हत्तीस ५ आणि वजिरास ९ असे मोल द्यावे. मग आपली खेळी, तिला प्रतिपक्षाचे उत्तर, त्यावर पुन्हा आपली खेळी, असे पुढे जात शेवटी कोणाची बेरीज किती, हे पाहावे. प्रतिपक्ष नेहमी उत्तम तेच खेळेल असे धरून चालावे.

परंतु या वाटा फार झपाट्याने फुटतात. डावाच्या प्रारंभी पांढऱ्यास २० खेळ्या शक्य असतात. काळ्याचे उत्तर धरले की ४०० क्रम होतात. तिसऱ्या खेळीअखेर ८,९०२ आणि चौथीअखेर १,९७,२८१. गेम बॉयचा प्रोसेसर सेकंदास सुमारे दहा लक्ष साध्या क्रिया करू शके. एक स्थिती तपासण्यास समजा एक हजार क्रिया लागल्या, तर चार खेळ्या पाहण्यातच सव्वातीन मिनिटे जातील.

येथे ‘अल्फा-बीटा’ नावाची छाटणी उपयोगी पडते. एखादी खेळी तपासताना असे दिसले की तिच्या उत्तरादाखल प्रतिपक्ष आपला वजीर फुकट मारतो, आणि त्याहून बरी खेळी आपल्याला आधीच सापडली आहे, तर प्रतिपक्षाची उरलेली उत्तरे पाहण्याचे कारणच उरत नाही. चांगल्या खेळ्या नेहमी प्रथम तपासल्या गेल्या, तर वरील १,९७,२८१ ऐवजी सुमारे ९०० स्थिती पाहून काम भागते. म्हणजे सव्वातीन मिनिटांचे काम एका सेकंदात! प्रत्यक्षात क्रम इतका आदर्श कधीच नसतो. तरी बचत मोठीच होते.

यंत्राचा दोषही याच रीतीत आहे. समजा, त्याने तीन खेळ्यांपर्यंतच पाहिले आणि तिसऱ्या खेळीत त्याच्या हत्तीने एक प्यादे मारले. हिशोब तेथेच थांबला, तर त्यास एका गुणाचा लाभ दिसतो. ते प्यादे दुसऱ्या प्याद्याच्या जोरात होते आणि चौथ्या खेळीत हत्ती जाणार, हे त्यास दिसत नाही. म्हणून मारामारी चालू असताना हिशोब थांबवू नये, असा नियम पुढे आज्ञावलीत घालण्यात येऊ लागला. तथापि सावकाश रचलेला दूरचा बेत अशा लहान यंत्राच्या दृष्टीपलीकडेच राहतो. जो विद्यार्थी त्या मर्यादेपलीकडची एक खेळी पाहील, त्यास जिंकण्याची वाट सापडेल.

तेव्हा यंत्र जे करते ते मोजणे आणि छाटणे होय. ही रीत आपणही पडताळून पाहू शकतो. पट मांडावा व पांढऱ्याच्या पहिल्या खेळ्या मोजाव्यात: प्याद्यांच्या सोळा आणि घोड्यांच्या चार. त्यांतील कोणतीही एक खेळून काळ्याची उत्तरे मोजावीत. तीही वीसच भरतील. ४०० हा आकडा कोठून आला, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.