कोकराच्या वजनातलं दूध

नाशिक रोडहून सिन्नरकडे निघालं, की दारणेवरचा चेहेडीचा पूल ओलांडल्यावर शिंदे-पळसे लागतं. सोयाबीन निघालेलं असतं, कांद्याची लागण व्हायची असते, आणि या मधल्या दिवसांत रिकाम्या वावरांत धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे तळ, उतरतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, धनगराला चारा आणि वर धान्य किंवा रोकड. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर असाच एक वाडा बसला होता. पशुवैद्यकीचं शिक्षण घेणारा ओळखीचा एक मुलगा तिथे मेंढ्यांचं दूध मोजत होता, म्हणून मीही गेलो.

मेंढीचं दूध मोजायचं म्हणजे काढायचं, अशी माझी समजूत होती. त्याने मला काटा दाखवला. दख्खनी मेंढीची कास लहान, सड दोनच. तिचं दूध बाजारात जात नाही. घरच्या चहापुरतं कधी काढलं तर काढलं, बाकी सगळं कोकराच्या पोटात. मग मोजायचं ते कोकराच्याच पोटात. पाजण्याआधी कोकराचं वजन, पाजल्यावर पुन्हा वजन. फरक निघेल तेवढं दूध.

यासाठी आई आणि पिल्लू काही तास वेगळं ठेवावं लागतं, आणि वाड्यावर ते आपोआप होतं. सकाळी पाजून झालं की कळप चरायला जातो, कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मागे राहतात. त्यांच्याकडे घरातली बाई बघते; या वाड्यावर ते काम एका मावशींकडे होतं. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की कोकरांचा एकच कालवा उठतो आणि शेदोनशे जनावरांच्या गर्दीत प्रत्येक मेंढी वासावर आपलं पिल्लू हुडकते. त्याच गोंधळात मुलाचं काम चाललं होतं. कपड्याच्या झोळीत कोकरू, झोळी लटकत्या डिजिटल काट्याला. कोकरू तडफडतं, आकडा नाचतो, तो स्थिर झाला की वहीत टिपायचा. समजा, ६ किलो ४२० ग्रॅम भरलेलं कोकरू पिऊन आल्यावर ६ किलो ५६० भरलं, तर एका वेळचं दूध १४० ग्रॅम. रात्रीही कोकरं वेगळी कोंडून सकाळी हेच पुन्हा करायचं. दोन्ही वेळचं मिळून दिवसाचं दूध.

एका कोकराने पिता पिताच धार सोडली. मावशी हसून म्हणाल्या, “मुतलं बघा ते! आता काय मोजता?” त्या आकड्यावर मुलाने काट मारली. दुसरं एक बिलंदर पिल्लू आपल्या आईचं संपवून मागच्या बाजूने परक्या मेंढीला लुचत होतं. मावशींनी त्याला कान धरून बाजूला केलं. सगळी कोकरं त्यांना तोंडओळखीने माहीत. त्या नसत्या तर निम्मी वही चुकली असती, असं माझं मत झालं. ऑक्सिटोसिन टोचून पान्हा सोडवायची आणि हाताने दूध काढून मोजायची दुसरी पद्धत संशोधन केंद्रांवर चालते, पण वाड्यावर सुई काढली तर पुन्हा कुणी उभं करणार नाही.

वहीतल्या आकड्यांचं पुढे काय? इंग्लंडच्या मिल्क मार्केटिंग बोर्डातले पी. डी. पी. वुड यांनी १९६७ साली ‘नेचर’मध्ये गाय व्याल्यानंतर दूध कसं चढतं-उतरतं याचा वक्र काढणारं एक छोटं समीकरण मांडलं. तेच पुढे शेळ्यामेंढ्यांनाही लावलं गेलं. त्यात तीन आकडे असतात: एक सुरुवातीच्या पातळीचा, दुसरा चढाचा, तिसरा उताराचा. चढाच्या आकड्याला उताराच्या आकड्याने भागलं की दूध कितव्या आठवड्यात कळसाला पोचेल ते कळतं. नुसतं उदाहरण म्हणून ५००, ०.२५ आणि ०.०८ असे आकडे घेऊ. पहिल्या आठवड्यात रोजचं दूध सुमारे ४६० ग्रॅम, तिसऱ्यात ५१८, बाराव्यात ३५६. व्याल्यावर कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी वाढतात, जोमाने काम करतात, मग एकेक करून मरत जातात. वक्राचा आकार त्यातून येतो.

खरी गोम पहिल्या महिन्यात आहे. फ्रान्समध्ये रोकफोर चीजसाठी लाकोन मेंढ्या पाळतात. तिथे कोकरं साधारण महिनाभर आईला पितात आणि दुधाची नोंद त्यानंतर सुरू होते. तोवर कळस बहुधा होऊन गेलेला असतो. अशा नुसत्या उताराच्या नोंदींवर समीकरण बसवलं, की चढाचा आकडा शून्याखाली जाऊ शकतो आणि आलेख सांगतो की मेंढी व्याली त्याच दिवशी सर्वांत जास्त दूध होतं. हिशेब बिनचूक, निष्कर्ष खोटा. तिथल्या मेंढपाळांना पुढचं दूध विकायचं असल्याने हे चालून जातं. आपल्याला चालणार नाही, कारण आपला धनगर विकतो ते कोकरू, आणि पहिले तीन-चार आठवडे ते जवळजवळ पूर्ण दुधावरच वाढतं.

जुळ्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. जुळ्यांची आई एकट्या कोकराच्या आईपेक्षा जास्त दूध देते, पण दुप्पट देत नाही. कमी पडेल ते बाहेरून द्यावं लागतं, आणि ते कधीपासून व किती, याचं उत्तर त्या वक्रात आहे. मावशी कोकराच्या कुशीला हात लावून ते उपाशी आहे का सांगतात, तेही बरोबर असतं. पण कोणत्या मेंढीची लेक पुढच्या पिढीसाठी राखायची हे ठरवायला वही लागते.

परळ-शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: विषय शोधत असाल तर काटा घेऊन वाड्यावर या, आणि मेंढी व्याल्यापासून आठवड्याच्या आत पहिलं वजन घ्या. महिन्याने येणार असाल, तर जुळ्यांना खुराक कधी लावायचा हे त्या नोंदींवरून सांगता येणार नाही.